गव्हावरचा तांबेरा दरवर्षी येतो तरी कुठून?

गोदाकाठ

गेल्या फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या चार दिवस आधी, गव्हाला पाणी भरत होतो. दिवसाची लाइट होती. दारं धरून अकराच्या सुमारास बांधावर आलो, तर पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी झालेला. आधी वाटलं पाटाचा गाळ असेल. पण झटकला तर ती भुकटी उडायला लागली. परत फिरून एक ताट मधोमध धरून पाहिलं. खोडावर लांबट फोड होते, वरची साल फाटून कडा उलटलेल्या, आणि आत विटेचा चुरा भरावा तसं काहीतरी. बोट फिरवलं की बोट लाल. ओंब्या तेव्हा चिकात होत्या.

वाण लोकवन, पेरणी १० डिसेंबरची. सोयाबीन निघायला उशीर झाला, मग वाफसा येईना, म्हणून इतकं लांबलं. एरवी एकरी चौदा क्विंटलच्या आसपास होणारा गहू साडेपाचवर आला. तोही असा की मूठभर दाणे हातावर घेतले तर निम्मे सुरकुतलेले, पोचट.

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. दुकानात म्हणाले, बियाण्यातून आला. चुलते म्हणाले, जमिनीत बसलाय, दोन वर्षं गहू करू नकोस. शेजारी म्हणाला, तुझ्या रानातून माझ्यात आला. आणि मी मनात त्यालाच दोष देत होतो, कारण त्याचा गहू माझ्या आधी लाल झाला होता. आठ-दहा दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही.

त्यानंतर वर्षभर मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं. हा धागा त्यासाठीच काढतोय. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि खरं उत्तर इतकं लांबचं आहे की ते मला कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तांबेरा (कृषी खात्याच्या भाषेत गेरवा) ही बुरशी जिवंत हिरव्या ताटाशिवाय वाढू शकत नाही. बियाण्यातून ती येत नाही. जमिनीतही बसून राहत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तिचे लाल बीजाणू, म्हणजे माझ्या पायजम्यावरची ती भुकटी, मरून जातात, आणि तेव्हा रानात हिरवा गहूही नसतो. म्हणजे दर उन्हाळ्यात आपल्या शिवारातला तांबेरा संपतो. मग पुढच्या रब्बीत तो पुन्हा आणतो कोण?

हाच प्रश्न आग्र्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या करमचंद मेहतांनी १९२०च्या दशकात हातात घेतला. युरोपात उत्तर तयार होतं. तिकडे बर्बेरी नावाचं काटेरी झुडूप या बुरशीचं दुसरं घर असतं. गव्हावरून ती बर्बेरीवर जाते आणि वसंतात पुन्हा गव्हावर उतरते. १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी हे प्रयोगाने दाखवलं. त्याच्या दोनशे वर्षं आधी फ्रान्समधल्या रुआँच्या शेतकऱ्यांनी नुसत्या निरीक्षणावरून ही झुडपं उपटायचा कायदा करवून घेतला होता. आपल्या हिमालयातही बर्बेरी आहे. आपण जिला दारुहळद म्हणतो, ती त्याच कुळातली. तिच्या पानांवरही तांबेरा दिसतो. पण मेहतांनी वर्षानुवर्षं तपासून सांगितलं की भारतातल्या गव्हाच्या तांबेऱ्यात त्या झुडपाचा हात नाही.

त्यांचं उत्तर होतं डोंगर. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीचे डोंगर. तिथे उन्हाळ्यातही हवा थंड असते. तिथे बिनमोसमी गहू असायचा, सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली ताटं असायची, आणि त्यांच्यावर तांबेरा बारा महिने जिवंत राहायचा. तिथून वाऱ्यावर बसून तो मैदानात उतरतो. आपल्या महाराष्ट्रातला खोडावरचा काळा तांबेरा (माझ्या गव्हावरचा तोच; आधी विटकरी, पीक पिकताना फोड काळे पडतात) मुख्यतः निलगिरीकडून येतो.

निलगिरीतली उटी ते आमचं निफाड सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. मी शेजाऱ्याला दोष देत होतो.

रानजाई

दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे (औंढा भागात) अजूनही गव्हाचं काड जाळतात, "तांबेरा मरतो" म्हणून. म्हणजे ते जाळणं फुकटच?

दुसरं, हजार किलोमीटर बीजाणू जिवंत कसा येतो? वाटेत ऊन, पाऊस. आणि नेमका आपल्याच रानात कसा पडतो?

गोदाकाठ

ताई, काड जाळून तांबेऱ्याचं काही बिघडत नाही. मार्चपासूनचं ऊन ते काम करतंच. जळतो तो आपल्या जमिनीचा कस. बांधावर, खळ्याच्या कडेला सांडलेल्या दाण्यांचा गहू उगवला तर तो मात्र उपटावा. आपल्याकडे तो उन्हाळा काढत नाही, पण पेरणीच्या सुमारास उगवलेला असेल तर रोगाला आयती पायरी मिळते.

वाऱ्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग आहे. मेहतांनी दिशा दाखवली, पण गाडी कोणती ते नंतर कळलं. १९७०च्या दशकात नागराजन, जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाची ढगांची चित्रं आणि गव्हावरच्या पहिल्या फोडांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात, तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्याला लागतात. त्या वेळी वरच्या हवेतले वारे निलगिरीवरून उत्तरेकडे वळलेले असले, तर ते बीजाणू उचलून मध्य भारतावर आणतात. आणि तिथे पाऊस पडला की पावसाच्या थेंबाबरोबर बीजाणू खाली येतात. नुसते हवेत तरंगत असले तर उपयोग नाही, पावसाने धुऊन उतरवायला लागतात. या मार्गाला त्यांनी बुरशीच्या शास्त्रीय नावावरून पुक्सिनिया-मार्ग म्हटलं. अशा नोव्हेंबरनंतर काही आठवड्यांनी मध्य भारतात तांबेऱ्याची पहिली ठिकाणं दिसायची.

बीजाणू नेमका आपल्याच रानात पडत नाही. असंख्य पडतात आणि बहुतेक वाया जातात. मुरमावर, बाभळीवर, पत्र्यावर. एखादाच गव्हाच्या पानावर पडतो, आणि त्याला रात्रभर दव मिळालं तर तो रुजतो. दहा-बारा दिवसांत फोड तयार होतो, आणि त्या एका फोडातून पुन्हा हजारो. डिसेंबरातल्या एका फोडाचा फेब्रुवारीत माझा पायजमा झाला.

नर्मदातीर

जबलपूरहून लिहितोय. आमचं घराणं पाच पिढ्या इथलं.

तुम्ही मध्य भारताचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन आपल्याला माहीत असतो. तो १८२०च्या दशकात इथल्याच भागात अधिकारी होता, आणि त्याने नर्मदेच्या खोऱ्यात १८२७च्या सुमारास आणि पुढे काही वर्षं आलेल्या तांबेऱ्याचं वर्णन करून ठेवलंय. वीस मैल लांब, दहा मैल रुंद असा सलग गव्हाचा पट्टा, आणि चारातलं एक शेत कापायचा खर्चसुद्धा लोकांना परवडेना, इतका तो गेला होता. लोकांनी तो देवाचा कोप मानला. गावोगाव कोणाचं पाप यावर बोलणी झाली. तुमच्या शेजाऱ्याच्या गोष्टीवरून हेच आठवलं. रोग कुठून आला हे डोळ्यांना दिसत नसलं की माणूस जवळचा दोषी शोधतो.

आमच्या आजोबांच्या तोंडी १९४६-४७ चं साल असायचं. मध्य भारतातला गहू तेव्हा काळ्या तांबेऱ्याने फार मोठ्या प्रमाणात गेला. महायुद्ध नुकतंच संपलेलं, धान्यावर रेशन, त्यात हे. आजोबा म्हणायचे, खळ्यावर उफणायला घेतलं तर दाणाही भुश्याबरोबर उडून जायचा, इतका तो हलका होता.

मातीशीच

सगळं वाचलं. पण एक सांगू का, हे संकरित वाण आणि युरियाच्या गोण्या यायच्या आधी आमच्या आजाच्या रानात तांबेरा नव्हता. देशी गव्हाला रोग लागत नसे. रोगाचं मूळ तिथे शोधा, निलगिरीत कशाला?

नर्मदातीर

नमस्कार. १८२७ मध्ये युरिया नव्हता, आणि नर्मदेकाठचा सगळा गहू देशीच होता. तरी गेला. तुमच्या आजोबांच्या रानात नसेलही, कारण ज्या वर्षी वादळाने साथ दिली नाही, त्या वर्षी कोणाच्याच रानात फारसा नसतो.

गोदाकाठ

मातीशीच, तुमच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तो सोडू नका. नत्र जास्त झालं की गहू दाट, लुसलुशीत, गर्द हिरवा होतो. आत हवा खेळत नाही, दव उशिरापर्यंत राहतं. अशा गव्हात तांबेरा भरभर पसरतो. मी स्वतः गेल्या वर्षी युरियाचा एक हप्ता जास्त टाकला होता. पेरणी उशिरा झाली ती भर काढायची म्हणून. पण त्याने रोग वाढला, आला नाही. येणं आणि वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायला मला बराच वेळ लागला.

मुक्ता_सेंटपॉल

मी मूळची सांगलीची. सध्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला तृणधान्यांच्या रोगांवर शोधकाम करते. हा धागा मैत्रिणीने पाठवला आणि जेवण बाजूला ठेवून वाचला. दोन गोष्टी जोडते.

मातीशीच यांनी देशी गव्हाची बाजू घेतली, तर त्यांना एक खरं शस्त्र देते. शंभर वर्षांपूर्वी याच गावात एल्विन स्टॅकमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांना दिसलं की काळा तांबेरा म्हणजे एक रोग नाही. दिसायला एकच, पण आत वेगवेगळे वंश. एक वंश एका वाणाला खातो, दुसऱ्याला हात लावत नाही. ते ओळखायला त्यांनी बारा गव्हांचा एक संच केला. नवा तांबेरा आला की या बाराही रोपांवर टाकायचा आणि कोणावर फोड येतो, कोणावर नुसता ठिपका राहतो ते पाहून वंश ठरवायचा. जगभर कित्येक दशकं हाच संच वापरला गेला. त्या बारांतल्या एकाचं नाव आहे खपली.

हो, आपलीच खपली. इंग्रजी, रशियन, चिनी शास्त्रज्ञांनी आपापल्या वहीत हेच नाव लिहिलं, कारण बहुतेक वंशांना ती दाद देत नव्हती. मी इथे पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या कुंडीवर ते नाव वाचलं, तेव्हा मला घरी सणाला होणारी खीर आठवली आणि क्षणभर काही सुचेना. खपलीतून तांबेऱ्याला रोखणारी जी जनुकं शोधली गेली, त्यांतलं एसआर १३ हे २०१७ मध्ये वेगळं काढून नीट ओळखलं गेलं. ते आज आफ्रिकेतल्या भयंकर वंशाविरुद्धही उपयोगी आहे. त्याबद्दल सावकाश लिहिते, प्रयोगशाळेत जायची वेळ झाली.

कृष्णाकाठची_आजी

मुक्ता, बाळ, शाबास. मी वाईची. आमच्या सासूबाई ओढ्याकडेच्या पट्टीत खपली करायच्या, देवाला आणि पोळीला. तांबेऱ्याचं साल आलं तरी त्या पट्टीकडे कोणी काळजीने बघत नसे. सोडली ती रोगामुळे नव्हे, कांडपामुळे. खपलीचा दाणा टरफलातून सहज सुटत नाही. मळून झाल्यावर पुन्हा उखळात कांडावी लागे. दोन सुना आणि एक उखळ, दुपार त्यात जाई. लोकवन आला, मळणीयंत्रातून थेट पोत्यात पडायला लागला, मग कोण कांडतंय? आता तीच खपली पुण्यात महाग मिळते म्हणे.

आणि एक सांगते. आमच्या वर घाट चढलं की महाबळेश्वर. तिथे राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. लोक स्ट्रॉबेरी खाऊन परत येतात, कोणाला ठाऊक नसतं. थंड हवा म्हणून तिथे तांबेरा मुद्दाम जपतात आणि नव्या वाणांवर सोडून बघतात, कोणता टिकतो ते. आमच्या गावची माणसं तिथे कामाला जायची. लहानपणी मला फार नवल वाटे, रोग कोणी जपून ठेवतं का म्हणून.

रानजाई

आजी, किती छान लिहिलंत. मुक्ताताई, तो आफ्रिकेतला वंश काय आहे ते सांगा ना.

मुक्ता_सेंटपॉल

आले. आता जरा सविस्तर.

१९४०च्या दशकात स्टॅकमनचाच विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत तांबेऱ्याशी झगडायला गेला. बुटक्या गव्हाची हरितक्रांती आपल्याला माहीत आहे, पण त्याची सुरुवात तांबेऱ्यापासून झाली हे फार कमी लोक सांगतात. पुढे त्या गव्हांत राय नावाच्या थंड देशातल्या धान्याचा एक तुकडा आला. त्यात एसआर ३१ हे जनुक होतं. ते असलं की काळा तांबेरा लागत नसे. मग ते जगभरच्या वाणांत गेलं, आपल्याकडे पंजाबात लाखो हेक्टरांवर पेरलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येसुद्धा. दोन-तीन दशकं काळा तांबेरा जवळजवळ विसरला गेला. त्यावर काम करणारी माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत.

१९९८ मध्ये युगांडाच्या डोंगराळ भागात, कालेंगेरे इथे, ज्या गव्हाला तांबेरा लागायलाच नको होता त्याच्या खोडावर फोड दिसले. १९९९ मध्ये तो नवा वंश म्हणून ठरला, म्हणून नाव यूजी ९९. एसआर ३१ त्याच्यापुढे फुकट होतं. २००१ मध्ये केनिया, २००३ मध्ये इथिओपिया, २००६ मध्ये सुदान आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेन, २००७ मध्ये इराण. नव्वदीतल्या बोरलॉगने २००५ मध्ये नैरोबीत सगळ्यांना हलवून जागं केलं. तेव्हापासून भारतासह कितीतरी देशांचे वाण केनियातल्या न्जोरो इथे नेऊन त्याच वंशासमोर उभे करतात, तो आपल्या दारात यायची वाट न बघता.

आता मूळ. हा आला कुठून? बर्बेरीवर बुरशीचं लैंगिक प्रजनन होतं, नवी सरमिसळ होते, नवे वंश जन्मतात. म्हणूनच अमेरिकेने १९१८ पासून कोट्यवधी बर्बेरी उपटल्या. शाळेतल्या मुलांनासुद्धा या कामाला लावलं, पदकं दिली. पण यूजी ९९ च्या पेशीत बघितलं तर गोष्ट वेगळीच निघाली.

या बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं (जनुकं ठेवायच्या पेट्या म्हणा) असतात. एकत्र राहतात, पण मिसळत नाहीत. एका घरात दोन वेगळ्या चुली म्हणा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इथल्या शास्त्रज्ञांनी यूजी ९९ ची दोन्ही केंद्रकं वेगवेगळी वाचली. त्यांतलं एक केंद्रक ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. दुसरं पूर्ण वेगळं. बर्बेरीवर सरमिसळ झाली असती तर पत्ते पिसल्यासारखे दोन्हींचे तुकडे मिसळले असते. इथे अख्खं केंद्रक जसंच्या तसं आलं होतं. म्हणजे कधीतरी एकाच गव्हाच्या ताटावर दोन वंश शेजारी वाढत होते, त्यांचे धागे एकमेकांना चिकटले, आणि एक केंद्रक इकडून तिकडे गेलं. झुडूप नाही, लैंगिक प्रजनन नाही. नुसती भेट.

आणि तो ऑस्ट्रेलियातला जुना वंश तिथे १९५४ मध्ये दिसला. तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने हिंदी महासागर ओलांडून वाऱ्याने गेला असं मानतात. म्हणजे दोघांचा पूर्वज आफ्रिकेतलाच असणार.

गोदाकाठ

मुक्ताताई, हे मी तीनदा वाचलं. निलगिरी ते निफाड मला लांब वाटत होतं.

एक शंका. एकाच ताटावर दोन वंश भेटले की हे होऊ शकतं, तर मग ज्या शिवारात बारा महिने गहू उभा असतो तिथे भेटी जास्त होणार ना?

मुक्ता_सेंटपॉल

अगदी बरोबर पकडलंत. जिथे तांबेरा वर्षभर जिवंत राहतो तिथे त्याला बदलायला वर्षभर मिळतं. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरात वर्षातून दोनदा गहू होतो. मेहतांनी निलगिरीत उन्हाळी गहू बंद करा म्हणून आग्रह धरला होता. त्यांचा हेतू मैदानात येणारे बीजाणू थांबवण्याचा होता. आज बघताना त्या आग्रहात याचंही उत्तर दिसतं. आता निलगिरीत वेलिंग्टनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. डोंगरात जो थोडा गहू होतो तो तांबेऱ्याला दाद न देणारा असावा, म्हणजे उगमाशीच अडवता येतो, असा त्यांचा प्रयत्न.

बंगालवारी

मी नोकरीनिमित्त मुर्शिदाबादला आहे, पिंपरीचा. इथल्या लोकांना गव्हाचं विचारलं की तांबेरा नाही, करपा आठवतो. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशात सुमारे १५,००० हेक्टर गहू त्याने गेला. ओंबी एका बाजूने पांढरी पडते, आत दाणाच नाही. पुढे सीमेलगत या जिल्ह्यात आणि नदियात काही वर्षं गहू पेरायलाच बंदी होती. मसूर, मोहरी करा म्हणून सांगायचे. तोही निलगिरीतून आला का?

मुक्ता_सेंटपॉल

नाही. ती बुरशी वेगळी, भातावरच्या करप्याच्या कुळातली. गव्हावर ती पहिल्यांदा १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात दिसली. बांगलादेशातल्या नमुन्यांची जनुकीय ओळख दक्षिण अमेरिकेतल्या वंशाशी जुळली. इतकं अंतर वाऱ्याने होत नाही, माणसाच्या व्यापारातून झालं असणार. आणि हा करपा बियाण्यातून येऊ शकतो. म्हणजे गोदाकाठ यांना दुकानात मिळालेलं उत्तर त्या रोगाला लागू पडलं असतं, तांबेऱ्याला नाही.

मातीशीच

मुक्ताताई, आजी, मी माझं वरचं म्हणणं मागे घेत नाही पण बदलतो. खपलीचं ऐकून बरं वाटलं. यंदा अर्धा एकर खपली करून बघतो. बियाणं कोणाकडे घरचं असेल तर सांगा.

कृष्णाकाठची_आजी

माझ्या भाच्याकडे आहे. निरोप पाठवला. कांडायची गिरणी आधी शोधून ठेवा.

गोदाकाठ

यंदाचं सांगतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात विचारून तांबेऱ्याला तोंड देणारा वाण घेतला आणि १२ नोव्हेंबरला पेरला. सोयाबीनच लवकर येणारं केलं होतं, म्हणून जमलं. वेळेवर पेरला की तांबेरा जोरात यायच्या आत दाणा बराच भरून होतो. युरिया मोजून. बांधाकडेला मात्र एक वाफा मुद्दाम लोकवनचा ठेवलाय. त्याला रोग लवकर लागतो, म्हणून तो माझा पहारेकरी. नोव्हेंबरात चेन्नईकडे वादळ लागल्याची बातमी ऐकली की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला लागलोय.

शेजाऱ्याला सगळं सांगितलं. तोही वाफा बघायला येतो. आम्ही दोघं सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी जातो.

गोदाकाठ

आज २३ जानेवारी. पहारेकरी वाफ्यात सापडलं. खालून तिसऱ्या पानावर, वरच्या बाजूला, नारिंगी, गोल, टाचणीच्या डोक्याएवढे सात-आठ ठिपके. विखुरलेले. खोडावर काही नाही. मुख्य गव्हात अजून काही नाही, दोघांनी मिळून चाळीस-पन्नास ताटं पाहिली. फोटो टाकलाय.

मुक्ता_सेंटपॉल

फोटोवरून हा पानावरचा नारिंगी तांबेरा दिसतो, खोडावरचा काळा नाही. काळ्याचे फोड मोठे, लांबट, पानाच्या दोन्ही बाजूंनी आणि खोडावर येतात, साल फाटलेली दिसते, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय तसे. तुमच्या त्या वाफ्यावर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे प्रोपिकोनॅझोल, लिटरला १ मिली, फवारून घ्या. खोडाच्या खालच्या भागापर्यंत पोचलं पाहिजे.

पण फवारायच्या आधी पाच-सहा पानं तोडा आणि नमुना महाबळेश्वरच्या केंद्राकडे पाठवा. वंश कोणता ते कळणं तुमच्यापेक्षा सगळ्यांच्या कामाचं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, पानं घामेजतात आणि कुजतात. वर्तमानपत्रात दाबून सावलीत सुकवा, मग साध्या कागदी पाकिटात. पाकिटावर गाव, तालुका, वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि पानं तोडल्याची तारीख लिहा.

गोदाकाठ

सहा पानं तोडून दोन दिवस वर्तमानपत्रात ठेवली, वर पाटा. पाकिटावर तुम्ही सांगितलं ते सगळं लिहिलं. अक्षर शेजाऱ्याच्या मुलीचं आहे, तिचं छान येतं. आज दुपारी पोस्टात टाकून आलो. वाफा काल संध्याकाळी फवारला. शुक्रवारी परत बघून इथे लिहितो.